शून्य दर्जाची चित्रे

मिखाइलो बॉयचुक या युक्रेनी चित्रकारास १३ जुलै १९३७ रोजी कीव्हमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. इव्हान पादाल्का व वासिल सेदल्यार या त्याच्या सहकाऱ्यांचा शेवटही त्याच दिवशी झाला. डिसेंबरात त्याची पत्नी, काष्ठठशांची कलावती सोफिया नालेपिन्स्का, हिची पाळी आली. ही मंडळी सोव्हिएत राजवटीची शत्रू होती काय? मुळीच नव्हे. लष्करी बराकी, शेतकऱ्यांचे आरोग्यधाम, कामगारांचे नाट्यगृह यांच्या भिंती रंगवण्याचे काम त्यांना याच राजवटीने दिले होते, आणि तेथे त्यांनी कष्टकरी माणसेच रंगवली. गुन्हा एवढाच की, ती बायझंटाईन धर्मचित्रे व युक्रेनी लोककला यांच्या वळणाने रंगवली. मॉस्कोला हव्या असलेल्या साच्यात नव्हे. यास 'बूर्ज्वा राष्ट्रवाद' असे नाव मिळाले. १९२६-२७ साली बॉयचुकने केलेला पश्चिम युरोपचा अभ्यासदौराही दहा वर्षांनी हेरगिरीच्या आरोपास उपयोगी पडला.

माणसांनंतर चित्रांचा निकाल लावणे ओघानेच आले. भिंतींवरील चित्रे पुसली गेली. कीव्हच्या राज्य संग्रहालयात १९३७ ते १९३९ या काळात एक गुप्त 'विशेष साठा' करून 'लोकशत्रूं'ची चित्रे त्यात कोंडण्यात आली. तेथे प्रत्येक चित्रास दर्जा दिला जाई. शून्य दर्जा म्हणजे नष्ट करण्यास पात्र. एखाद्या पिढीची प्रतिभा अशी नोंदवहीच्या एका रकान्यात बसवता येते! सुदैवाने युद्ध आले, आणि गुंडाळून ठेवलेली कित्येक चित्रे वाचली. लव्हिवचे नशीब एवढे बलवत्तर नव्हते. तेथील संग्रहालयातील बॉयचुकची आणि परदेशी स्थायिक झालेल्या शिल्पकार आर्किपेन्कोची कामे १९५२ साली नष्ट करण्यात आली. देश सोडून गेलेल्यालाही राजवटीने मोकळे सोडले नाही.

कीव्हचा तो साठा २०१५ साली प्रदर्शनाद्वारे लोकांपुढे आला. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी कीव्हमधून या कालखंडातील चित्रे घेऊन मालमोटारी माद्रिदकडे निघाल्या, त्याच दिवशी रशियाने युक्रेनवर क्षेपणास्त्रांचा वर्षाव केला. चित्रे सुखरूप पोचली. पुढे ती लंडनपर्यंत गेली आणि युरोपला या चित्रकारांची नव्याने ओळख झाली.

अर्थात या पुनर्शोधातही एक सोयीस्कर वाट आहे. मालेविच कीव्हमध्ये जन्मला व तेथे त्याने अध्यापनही केले. तेव्हा संग्रहालयातील त्याच्या नावापुढचा 'रशियन' शब्द बदलण्याची मागणी रास्तच होय. तथापि तो पोलिश कुटुंबातला होता आणि त्याचे मोठे कार्य रशियात झाले, हेही विसरता येत नाही. शिवाय मालेविचला कोणीही विसरले नव्हते. पाटी बदलून ज्यांना काडीचाही लाभ नाही, असे चित्रकार निराळेच आहेत. बॉयचुकला १९५८ साली निर्दोष ठरवण्यात आले. त्या निर्णयाने त्याच्या भिंती परत आल्या नाहीत. आज त्याची मोठी भित्तिचित्रे पाहू इच्छिणाऱ्यास बहुतांशी जुनी काळीपांढरी छायाचित्रे चाळावी लागतात, आणि त्यांतले रंग कोणते होते हे तेथे कळत नाही.