आवाजाचा पत्ता

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचा कॉलेजचा पेपर होता, त्या दिवशीची गोष्ट. सकाळी सातच्या आधीच घरच्या ग्रुपवर एक व्हॉइस नोट येऊन पडली. कुणी एक पुरुष काळजीच्या सुरात सांगत होता, शहरात वातावरण बिघडलंय, आज मुलींना बाहेर पाठवू नका. कुठे बिघडलंय, कुणी पाहिलं, काहीच नाही. अम्मीने ती दोनदा ऐकली आणि दाराला कडी घातली. मी ओळखीच्या तिघांना फोन लावले, दूधबाजारात चक्कर मारून आलो. दुकानं उघडत होती, रिक्षा फिरत होत्या. बहीण पेपरला पोहोचली तेव्हा वीस मिनिटं उलटून गेली होती. शेवटचा प्रश्न राहिला.

त्या संध्याकाळी मी अम्मीच्या फोनवर 'सकाळच्या बातम्या' हे 'सकाळ' वृत्तपत्राचं रोजचं पॉडकास्ट लावून दिलं.

अम्मी उर्दू माध्यमात सातवीपर्यंत शिकली. मराठी तिला पूर्ण कळते, भाव करताना तर माझ्यापेक्षा फर्डी येते. पण देवनागरी ती अक्षराला अक्षर जोडत वाचते. मराठी पेपर आमच्या घरात वर्षानुवर्षं येतो आणि तिच्यासाठी तो कपाटात अंथरायच्या कामाचा. जुन्या नाशकात, मालेगावात, आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एक अम्मी, एखादे नाना, एखादी खाला आहे. आपण म्हणतो, मराठी आपली भाषा. मग या माणसांना मराठी बातमी मिळते कुठून? टीव्हीवरच्या आरडाओरड्यातून, नाहीतर व्हॉइस नोटमधून.

रेडिओ हा तिसरा मार्ग होता, पण अरुंद. आपल्या देशात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवता येतं. द्वारका चौकाच्या कोंडीत अडकलेल्या रिक्षात दिवसभर गाणी आणि जाहिराती वाजतात, त्याचं एक कारण हे. इंटरनेटवरच्या पॉडकास्टला ते बंधन नाही. म्हणून १९३२ साली डॉ. नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात सुरू केलेलं छापील दैनिक आज अक्षर न वाचणाऱ्या माणसाच्या कानापर्यंत जाऊ शकतं. न्यूयॉर्क टाइम्सचं २०१७ मध्ये सुरू झालेलं 'द डेली' मुख्यतः एकच विषय घेऊन त्याच्या मुळाशी जातं. 'सकाळ'ची रीत आपल्या सवयीची आहे: राज्य, देश, खेळ, सिनेमा, थोडक्यात सगळं. अम्मीला ती चालते. भाजी निवडता निवडता होऊन जातं.

पण तिसऱ्याच दिवशी तिने मला अडवलं. "ये बोलनेवाला कौन है? गलत बोला तो किसको पूछना?"

हा प्रश्न तिने व्हॉइस नोटला कधी विचारला नव्हता. विचारायला हवा होता, आणि आपणही. १ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्याच रात्री आपल्या जिल्ह्यात, मालेगावच्या आझादनगरात, तशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं. तिथल्याच काही तरुणांनी त्यांना घरात आसरा दिला, पोलिसांनी बाहेर काढलं, जीव वाचले. अफवा दोन्हीकडे एकच होती. मालेगावात दार उघडणारे होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. त्याने वेग कमी होतो, बोलणाऱ्याचं नाव मात्र कळत नाही.

छापील कागदाला हे नाव लावावंच लागतं. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण देणं सक्तीचं केलं. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली आहे. इंग्रज सरकारला पत्ता हवा होता तो नजर ठेवायला. पण वाचकालाही त्याचा उपयोग झाला. चूक झाली तर पत्र कुठे टाकायचं, हे कळू लागलं. वृत्तपत्राचं पॉडकास्ट ऐकताना तो पत्ता आवाजाच्या मागे असतो. अम्मीला मी हेच सांगितलं: इथे विचारायला दार आहे.

मात्र ते दार अजून नीट उघडत नाही, आणि याचं कारण माझ्या धंद्यातलं आहे. पॉडकास्ट म्हणजे तांत्रिकदृष्ट्या आरएसएस नावाची एक साधी यादी: भागाचं नाव, तारीख, ऑडिओ फाइलचा दुवा. आपलं अॅप ती यादी तपासतं आणि नवा भाग उतरवून घेतं. भागात चूक निघाली तर त्याच दुव्यावर दुरुस्त फाइल ठेवता येते. पण ज्याने आधीच भाग ऐकला, त्याला ते कधीच कळत नाही. पेपरात निदान दुसऱ्या दिवशी चौकटीत खुलासा छापता येतो. कानात गेलेली चूक कानातच राहते. चुकलेलं आडनाव, चुकलेला मोहल्ला, घाईत 'आरोपी'चा झालेला 'गुन्हेगार' यांचं मोल काय असतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

म्हणून पेपरवाल्यांकडे आपण तीन गोष्टी मागू या. चुकीचा खुलासा पुढच्या भागात, त्याच आवाजात, सुरुवातीलाच. प्रत्येक भागाची संहिता लेखी, म्हणजे काय बोललं गेलं हे शोधता येईल. आणि जिल्ह्याचं छोटं बातमीपत्र. कारण राज्यभराच्या पॉडकास्टमध्ये दूधबाजार सुरू आहे की बंद, हे येणार नाही. माझ्या बहिणीला त्या सकाळी नेमकं तेवढंच हवं होतं.

मागताना आपली बाजूही साफ हवी. ज्याचं नाव माहीत नाही तो आवाज पुढे पाठवायचा नाही, मग तो कितीही कळकळीचा असो, आपल्याच माणसाचा वाटो. घरात देवनागरी न वाचणारं कुणी असेल तर त्यांच्या फोनवर आज एक मराठी पॉडकास्ट लावून द्या आणि पहिले काही दिवस सोबत बसून ऐका. काही खटकलं तर पेपरला पत्र लिहा. मराठीत लिहा, खाली नाव आणि पत्ता घाला.

अम्मी अजून व्हॉइस नोट ऐकते. ती सवय सुटणार नाही. पण आता ऐकून झाल्यावर फोन माझ्यापुढे धरते आणि विचारते, "ये कौन बोल रहा है?" मला माहीत नसतं. मग ती नोट तिथेच थांबते, आणि दाराची कडी उघडी राहते.