बाबांचे तेवीस डबे

तुमच्याही माहेरी एखादा असा डबा असेलच. सुटे स्क्रू, वाकलेले खिळे, जुन्या घड्याळाचा पट्टा, कुठल्याशा कुलपाची हरवलेल्या कुलपाहूनही जुनी किल्ली. "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेलं सगळं. माझ्या माहेरी असे तेवीस डबे होते. 'होते' म्हणतेय, कारण गेल्या मे महिन्यात मीच ते पस्तीवाल्याला देऊन टाकले. बाबांना न विचारता.

आम्ही बडोद्याचे मराठी. दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत आमचं जुनं घर. घरात मराठी, ओट्यावर गुजराती आणि भांडताना दोन्ही. बडोद्यात हाताच्या कामाला पूर्वीपासून मान आहे, असं बाबा नेहमी सांगतात. महाराजा सयाजीराव तिसरे यांनी १८९० साली तिथे कलाभवन सुरू केलं आणि दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचायच्या आधी बाबांकडून ऐकलं होतं. बाबा स्वतः कारखान्यात फिटर होते. आठ तास तिथे हातोडी-कानस चालवायची आणि घरी आल्यावर चहा घेऊन पुन्हा तेच, फरक एवढाच की हे काम त्यांच्या आवडीचं.

काय काय बनवलं त्यांनी! आईला पोळपाटाखाली ठेवायला न हलणारी चौकट. आजीला पाय टेकवायला पाट, त्याला खालून रबराच्या चपलेचे तुकडे, म्हणजे फरशीवर सरकायचा नाही. दिवाळीला आकाशकंदील घरचाच. कामट्या रात्रभर पाण्यात भिजवायच्या, मेणबत्तीवर शेकत वाकवायच्या, मैद्याची खळ करायची आणि उत्तरायणातला उरलेला पतंगाचा कागद चिकटवायचा. आमच्याकडे संक्रांतीचा कागद दिवाळीपर्यंत जपून ठेवलेला असायचा, डबा नंबर चौदाच्या शेजारी, गुंडाळी करून.

आणि माझं टेबल. मी पाचवीत गेले तेव्हा बाबांनी कारखान्यात आलेल्या मशिनच्या खोक्याच्या फळ्या परवानगी घेऊन घरी आणल्या. रंधा मारला, घासल्या आणि मला अभ्यासाचं टेबल करून दिलं. फक्त एका बाजूच्या फळीवर काळ्या रंगात छापलेलं काचेच्या पेल्याचं चित्र आणि वर जाणारे दोन बाण तसेच राहिले. मैत्रिणींकडे दुकानातली सनमायका लावलेली टेबलं होती. त्या घरी यायच्या तेव्हा मी त्या बाजूवर ओढणी टाकून ठेवायचे. बाबांनी ते पाहिलं नसेल असं मला तेव्हा वाटायचं. आज मी स्वतः आई आहे. आईवडील काय काय पाहतात आणि बोलत नाहीत, ते आता कळतं.

गच्चीवरची बाग हा तर वेगळाच संसार. मोगरा, लाल जास्वंद, गवती चहा, कढीपत्ता आणि अळूचं एक पसरट पिंप. बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात गच्चीवर झाडं जगवणं सोपं नाही. बाबा पिंपाच्या मधोमध छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरायचे आणि ते पाण्याने भरून वर झाकण ठेवायचे. भाजलेल्या, न रंगवलेल्या मातीतून पाणी हळूहळू झिरपतं आणि मुळांना लागेल तसं मिळत राहतं. लग्नासाठी आम्ही सगळे चार दिवस गावाला गेलो, तरी अळू टवटवीत होतं. "झाड माणसासारखंच," बाबा म्हणायचे, "एकदम पाजलं तर ओकतं, थोडंथोडं दिलं तर वाढतं."

मग दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाने सांगितलं, मग सहीने. डॉक्टरांनी औषधं दिली आणि शिडी, ड्रिल, करवत यांना हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. गच्चीचा जिना उंच. आई एकटी किती पाहणार? शेवटी काकांनी आणि बाबांनी मिळून घर विकायचं ठरवलं आणि आई-बाबांनी बंगळुरूला माझ्याकडे यायचं नक्की झालं. निर्णय योग्य होता, आजही मला तसंच वाटतं. चुकलं ते त्यानंतर.

आवराआवरीला मी आठ दिवस गेले होते. माझा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक चिंचोळी बाल्कनी. मी यादी केली, 'न्यायचं' आणि 'देऊन टाकायचं'. बाबा काकांबरोबर बँकेत गेले होते त्या दुपारी पस्तीवाला आला आणि मी माळ्यावरचे डालड्याचे, बिस्किटांचे, बेबी पावडरचे सगळे डबे त्याच्या हातगाडीत ओतले. प्रत्येक डब्यावर बाबांच्या अक्षरात नंबर होता. मला मिळाले दोनशे चाळीस रुपये आणि 'चला, एक काम झालं' असं समाधान.

बाबा आले, माळ्याकडे पाहिलं. "दिलेस का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "बाबा, आता कुठे लागणार आहे ते?" ते म्हणाले, "हो, खरं आहे." आणि गच्चीवर गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

बंगळुरूला आल्यावर पहिले तीन आठवडे बाबा पाहुण्यासारखे वागले. सांगितलं तेव्हा जेवायचे, टीव्हीवर जे लागेल ते पाहायचे. घरातला नळ गळत होता. एरवी त्यांनी विचारलंही नसतं, सरळ पान्हा काढला असता. आता शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे कोणी येतो का हे दुरुस्त करायला?" 'तुमच्याकडे' हा शब्द माझ्या काळजात रुतला. मी आईजवळ रडले. आई म्हणाली, "अगं, त्या डब्यांत स्क्रू नव्हते फक्त. कुठल्या डब्यात काय आहे, ते त्या घरात एकट्या त्यांनाच माहीत होतं. घरात काही बिघडलं की सगळे त्यांच्याकडे बघायचे. आता कोणी बघत नाही."

मी बाबांची माफी मागितली. फार छान शब्दांत नाही, स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता. म्हटलं, "बाबा, ते डबे मी विचारून द्यायला हवे होते. चुकलं माझं." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अकरा नंबरात तुझ्या पहिल्या सायकलची घंटी होती." आणि हसले. मला हसू आलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या पिशवीतून जेवणाचा जुना स्टीलचा डबा काढला. आल्यापासून तो बाथरूमच्या खिडकीत सावलीला होता, आईची काहीतरी वस्तू असेल म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. आत ओल्या सुती कापडात गुंडाळलेल्या जास्वंदीच्या चार फांद्या होत्या. दीड दिवसाच्या रेल्वे प्रवासात आणि नंतरही बाबा त्या कापडावर रोज पाणी शिंपडत होते. दोन फांद्या काळ्या पडल्या होत्या. दोघींच्या सालीवर पांढरे ठिपके उठले होते, मुळांची सुरुवात. "लावायच्या का?" त्यांनी मला विचारलं. परवानगी मागितल्यासारखं.

आता आमच्या बाल्कनीत काय चाललंय ते सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकींकडे अशीच चिंचोळी बाल्कनी असेल. बाबांच्या पद्धती अशा:

फांदी लावायची तर पेन्सिलीएवढ्या जाडीची, साधारण सहा इंचांची, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी घ्यायची. डोळ्याच्या लगेच खाली तिरका काप. खालची पानं काढून टाकायची, वर दोन-तीनच ठेवायची, कारण मुळं नसताना पानं जास्त असली की फांदी सुकते. महिनाभर सावलीत, माती ओलसर पण चिखल नाही.

खतासाठी मोठ्या मडक्याला बाजूने भोकं पाडायची. ओला कचरा एक वाटा, तर वाळलेली पानं, नारळाच्या शेंड्या किंवा फाडलेला पुठ्ठा दोन ते तीन वाटे. सुरुवातीला थोडं आंबट ताक. आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं. वास यायला लागला तर समजायचं की ओलं जास्त झालंय, मग सुकं घालायचं. शिजलेलं तेलकट अन्न टाकायचं नाही. दोन-अडीच महिन्यांत काळसर, पावसानंतरच्या मातीसारखा वास येणारं खत तयार होतं.

कुंडी जड नको, म्हणून मातीत नारळाचा भुसा मिसळायचा. खाली ताटली हवीच. नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर पाणी पडतं आणि मग कन्नडमध्ये काय काय ऐकावं लागतं, ते आम्ही ऐकलेलं आहे.

पण खरी गोष्ट बागेची नाही. बाबांना आता स्क्रू धरता येत नाही, हात थरथरतो. कुंड्यांसाठी लाकडी घडवंची करायची होती. मी म्हटलं, "ऑनलाइन मागवू." म्हटलं आणि जीभ चावली. तेवढ्यात माझा सात वर्षांचा लेक आला. बाबा त्याला म्हणाले, "हात तुझे, नजर माझी. चालेल?" पुढचे चार रविवार दोघं बाल्कनीत होते. बाबा खुर्चीत बसून मोजमाप सांगायचे, "दोनदा माप, एकदाच काप." करवत चालवली माझ्या नवऱ्याने, घासकागद लेकाने. पहिली घडवंची डगमगली. बाबांनी ती मोडायला लावली नाही. एका पायाखाली रबराच्या चपलेचा तुकडा लावून घेतला.

माझं ते जुनं टेबलही आलंय. माझ्या यादीत ते 'देऊन टाकायचं' मध्ये होतं, पण आईने ती ओळ खोडून मागे 'न्यायचं' मध्ये लिहिली होती. सामान आलं तेव्हाच मला कळलं. आता त्यावर लेक अभ्यास करतो. पेल्याचं चित्र दिसेल असं त्याने मुद्दाम फिरवून ठेवलंय. मित्र आले की सांगतो, "हे आमच्या आजोबांनी मशिनच्या खोक्याचं केलंय." त्याच्या आवाजात जो तोरा असतो, तो माझ्या आवाजात यायला पंचवीस वर्षं उशीर झाला.

दोन फांद्यांपैकी एक जगली. पाच नवी पानं आहेत, कळी अजून नाही. बंगळुरूला बडोद्यासारखं ऊन नाही, तेव्हा वेळ लागेल, असं बाबा म्हणतात. त्यांना घाई नाही. त्यांच्या हाताचं पुढे काय होईल ते डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. म्हणून मला मात्र थोडी घाई आहे. मडकं कसं पुरायचं, कामट्या किती वेळ भिजवायच्या, खळ किती घट्ट हवी, सगळं मी आता वहीत लिहून घेतेय. यंदा आकाशकंदील घरीच करायचा आहे.

गेल्या रविवारी लेकाने बिस्किटांचा रिकामा डबा धुऊन पुसला आणि त्यावर मार्करने मोठा '१' काढला. आत घडवंचीचे उरलेले सहा स्क्रू, एक वायसर आणि कुठेतरी सापडलेलं लाल बटण. मी विचारलं, "हे बटण कशाला?"

आजोबा आणि नातू एकदम म्हणाले, "असू दे. कधीतरी लागेल."

तुमच्या बाबांनी तुमच्यासाठी हाताने काय बनवलं होतं? ते अजून घरात असेल तर आज एकदा त्यावरची धूळ पुसा. आणि बाबा असतील तर त्यांना फोन करून विचारा, हे केलं कसं होतं. उत्तर लांबलचक असेल. ऐकून घ्या.