न बोललेले वाक्य शोधा

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत कल चाचणीची प्रश्नपत्रिका आणली, तेव्हापासून 'पुढीलपैकी कोणते गृहीतक आवश्यक आहे?' हा प्रश्न आपल्या मुलामुलींच्या मानगुटीवर बसला आहे. तिथे चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणून अंदाजपंचे ठोकून भागत नाही.

गृहीतक म्हणजे बोलणारा मनात धरून चालतो पण तोंडाने म्हणत नाही ते वाक्य. उदाहरण घरचेच घेऊ. 'शेजारच्या वावरात २०० फुटांवर बोअरला पाणी लागले, म्हणून आपल्याही वावरात तेवढ्यावर लागेल.' आता पर्याय पाहा. (अ) दोन्ही वावरांखालचा खडक पाणी धरण्याच्या बाबतीत सारखा आहे. (ब) शिवारातील सर्वच वावरांखालचा खडक तसा सारखा आहे. (क) लागलेले पाणी पिकाला पुरेल.

प्रत्येक पर्याय उलटा करून पाहावा. उलटा केल्यावर मूळ म्हणणे कोसळले, तर ते गृहीतक आवश्यक. 'क' उलटा केला, पाणी पुरले नाही; तरी ते लागले हे खरेच राहते. बरीच मुले इथे फसतात, कारण घरात काळजी पुरण्याचीच असते! 'ब' उलटा करताना 'एकही वावर सारखे नाही' असे टोक गाठू नये. 'एखादे तरी वेगळे आहे' एवढेच म्हणावे. ते वेगळे वावर नाल्यापलीकडचे असले तर आपल्या म्हणण्याला धक्का नाही. म्हणजे 'ब' गरजेपेक्षा जास्त मागतो. 'अ' उलटा केला, की शेजाऱ्याच्या पाण्याचा आपल्याशी संबंधच तुटतो. उत्तर 'अ'.

आणि हे गृहीतक किती कच्चे आहे, ते वडीलधाऱ्यांनीही ऐकावे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा. त्यात पाणी सलग नसते. भेगांत, सांध्यांत, सच्छिद्र थरांत असते. बांधाच्या अलीकडे धार लागते आणि पलीकडे नुसता फुफाटा उडतो. अंगावरचे डाग गहाण टाकून बोअर घेण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जाणकाराला विचारलेले बरे.

मुलांनो, सरावाला हा प्रश्न घ्या : 'गेल्या वर्षी कांद्याला भाव मिळाला, म्हणून यंदाही मिळेल.' आवश्यक गृहीतक कोणते? (अ) यंदा आवक वाढून भाव पडणार नाही. (ब) कांद्याला दरवर्षी भाव मिळतोच. उत्तर पुढील अंकी.