आरंभीची शिल्लक

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या दातांना तारा बसवल्या. आठव्या महिन्यात जेवताना तिच्या उजव्या कानापुढे 'कट्' असा आवाज येऊ लागला आणि घरात न्यायसभा भरली. "तारेने जबडा सरकला," असे आई म्हणाली. शेजारच्या अज्जींनी तेच कन्नडमध्ये सांगितले. 'जबडा' काय नि 'दवडे' काय, निकाल एकच! तारा काढून टाकायचे जवळजवळ ठरलेच. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. दंतवैद्यकात मला अधिकार नाही. तथापि हा निकाल पुराव्यावाचून दिला गेला, असे माझे मत आहे.

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडले की जे हलते तो जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याच्या हाडाचे गोलसर टोक कवटीच्या खोबणीत बसते व दोहोंमध्ये एक चिवट चकती असते. ही चकती पुढे सरकली की तोंड उघडताना आवाज होऊ शकतो. तार ओढते ती दाताला. दाबाच्या बाजूचे हाड झिजते, ताणाच्या बाजूला नवे भरते आणि दात महिन्याला सुमारे 1 मिलिमीटर सरकतो. दात नव्या ठिकाणी मिटू लागले की सांध्यातले टोक किंचित हलू शकते, हे खरे. पण हा फरक सहसा अगदी थोडा असतो आणि सांधा त्याच्याशी जुळवून घेतो.

1987 साली अमेरिकेत मिशिगन राज्यातील एका खटल्यात ज्युरीने अशाच तक्रारीवर मोठी भरपाई दिली. त्यानंतर या प्रश्नावर पुष्कळ संशोधन झाले. त्याचे सार असे की, तारांमुळे सांध्याचा विकार जडतो असे दिसत नाही, आणि तारांनी तो बरा होतो असेही दिसत नाही. तारा बहुधा किशोरवयात लागतात आणि सांध्याच्या तक्रारीही त्याच वयात वाढू लागतात. संख्याशास्त्राच्या तासाला आपण सहसंबंध शिकतो. तो म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. कावळा बसला म्हणून फांदी तुटली, असे कसे म्हणावे?

माझी तक्रार निराळीच आहे. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी दातांचे साचे घेतले, क्ष-किरण फोटो काढला; पण सांधा तपासला नाही, तोंड किती उघडते ते मोजले नाही, आवाज येतो का हे विचारले नाही. आरंभीची शिल्लक न मांडता खतावणी सुरू केली, तर वर्षअखेर नफा की तोटा कोण सांगणार? पाच मिनिटांच्या या नोंदीवाचून कोणाच्याही दातांना तार लागू नये.

शेवटी मीच बहिणीला विचारले. ती म्हणाली, "दादा, सातवीत असल्यापासून जांभई देताना असाच आवाज येतो. मला कुणी विचारलंच नाही!"

तारा अजून आहेत. दुखू लागले किंवा तोंड अडकू लागले तर डॉक्टरांकडे जायचेच. नुसत्या आवाजाला भ्यायचे कारण नाही. भ्यायचे ते न विचारता दिलेल्या निकालाला.