खाचर विकण्यापूर्वी

वेल्ह्याकडचे एक शेतकरी परवा भोरला माझ्या ओट्यावर येऊन बसले. त्यांची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. झालेली. तिला युरोपात पीएच. डी. करायची आहे.

"खाचर इकावं म्हणतो, गुरुजी," ते म्हणाले.

पुण्यातल्या कुणा सल्लागाराने त्यांना लाखांचा आकडा सांगितला होता. आमच्याकडे जमिनीला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. शहरातले लोक बंगल्यासाठी जागा हुडकत हिंडतच असतात.

मी विचारले, "नोकरी लागायला कुणी फी भरतं का?"

"हल्ली भरत्यात की!"

यावर मी काय बोलणार? पण तिकडची पीएच. डी. ही पुष्कळ ठिकाणी खरोखरीच पगाराची नोकरी असते. हॉलंडमध्ये आणि स्वीडनमध्ये संशोधक विद्यार्थी बहुधा चार वर्षांसाठी विद्यापीठाचा नोकर असतो. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठे पीएच. डी.ला शिक्षणशुल्क घेत नाहीत. सहामाहीची वर्गणी तेवढी असते. जागांच्या जाहिराती युरोपीय आयोगाच्या 'युरॅक्सेस' या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. मेरी क्यूरीबाईंच्या नावाच्या योजनेत तर अट अशी, की ज्या देशात जायचे तिथे उमेदवार मागल्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून अधिक राहिलेला नसावा. आमची मुलगी पुण्यापलीकडे गेलेली नाही. म्हणजे या परीक्षेत ती न बसताच पास! इंग्लंडात मात्र जपावे. तिथे प्रवेश मिळाला म्हणजे पैसा मिळाला, असे नव्हे.

इरावतीबाई कर्वे 1928 साली बर्लिनला गेल्या त्या जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन. सासरे अण्णासाहेब स्त्रीशिक्षणाचे एवढे कैवारी, पण त्यांचाही या जाण्याला विरोध होता. बाईंनी माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेवर प्रबंध लिहिला आणि 1930 साली पदवी मिळवली. त्यांचे प्राध्यापक फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. त्यांच्या मनाजोगता निष्कर्ष मात्र बाईंनी काढला नाही. कर्ज काढण्यापेक्षा मला हे धाडस मोठे वाटते.

मुलीने पाठवलेले पत्र मी मागून पाहिले. 'आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात', 'मी गरीब कुटुंबातील', 'कृपा करावी'. एकच मजकूर साठ प्राध्यापकांना, आणि उत्तर एकाचेही नाही. रागावणार कुणावर? अर्ज असाच लिहायचा, हे आम्हीच तिला शाळेत शिकवलेले.

मग दोन रविवार आम्ही बसलो. प्राध्यापक निवडले फक्त आठ. प्रत्येकाचा एकेक निबंध तिने आधी वाचला. पत्रात गरिबी नाही, कृपा नाही. तिने एम. एस्सी.ला आंबेमोहोरावर काम केलेले; दोन खाचरांतल्या एकाच वाणाला वास सारखा का येत नाही, हा तिचा प्रश्न. तो चार ओळींत मांडला, आणि तुमच्या पद्धतीने हे मोजता येईल का, असे विचारले. सोबत गुणपत्रके आणि ओळखीच्या दोन प्राध्यापकांची नावे.

पाचांनी उत्तर दिले नाही. दोघांनी सभ्यपणे नकार कळवला. एकाने लिहिले, की सध्या पैसा नाही, पण मार्चच्या सुमारास जागा निघेल, तेव्हा अर्ज करावा. आणि खाली तिच्या प्रश्नावर स्वतःचे दोन प्रश्न विचारले. ती रात्रभर त्यांचीच उत्तरे लिहीत बसली होती म्हणे.

खाचर अजून आहे. भात कापणीला आले आहे. काल बाप पुन्हा आला, पिशवीत पायलीभर तांदूळ घेऊन.

"त्या सायबाला धाडावा का, गुरुजी?"

"नको. लाच वाटेल," मी म्हणालो, आणि पिशवी आत नेऊन ठेवली.