पगचं घोरणं आपल्याला ‘क्यूट’ वाटतं, पण त्याला श्वास पुरतोय का?

सोफ्यावर बसल्या बसल्या डुलक्या घेणारा आणि मोठमोठ्याने घोरणारा पग. अशी एखादी रील तुम्हीही पाहिली असेल, कदाचित शेअरही केली असेल. पण हीच रील पशुवैद्यांना काळजीत टाकते. आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून अनेक पग बसून किंवा मान उंच ठेवून झोपतात.

भारतात पग घराघरांत माहीत झाला तो २००३ मध्ये आलेल्या ‘हच’च्या जाहिरातीमुळे. लहान मुलाच्या मागे मागे फिरणारा तो कुत्रा सगळ्यांना आवडला आणि पगची मागणी वाढली. त्याच्या दुखण्यांबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

नेमका त्रास काय आहे?

चपटं तोंड हवं म्हणून माणसाने पिढ्यानपिढ्या तशाच कुत्र्यांचं प्रजनन केलं. त्यातून कवटी आखूड झाली, पण आतले मऊ भाग त्या प्रमाणात लहान झाले नाहीत. त्यामुळे नाकपुड्या अरुंद राहतात आणि लांबलेला मऊ टाळू श्वासाच्या वाटेत येतो. या विकाराला ‘बोआस’ म्हणतात.

ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये चार हजारांहून अधिक पगच्या नोंदी तपासल्या. इतर कुत्र्यांच्या तुलनेत पगमध्ये ‘बोआस’चा धोका सुमारे ५४ पट, डोळ्यावरील जखमांचा १३ पट, तर त्वचेच्या घड्यांमधील संसर्गाचा ११ पट आढळला. आरोग्याच्या दृष्टीने पगला आता ‘सर्वसाधारण कुत्रा’ म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

आपल्याकडे धोका जास्त का?

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. पगची श्वासाचीच वाट अरुंद, त्यात विदर्भ-मराठवाड्यातला चाळिशीपार गेलेला उन्हाळा. अशा वेळी दुपारचा छोटासा फेरफटकाही उष्माघाताला पुरेसा ठरू शकतो. वजन जास्त असेल तर धोका आणखी वाढतो.

कायदा काय सांगतो?

नेदरलँड्सने २०१९ पासून चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या प्रजननासाठी नाकाच्या लांबीचे कडक निकष लावले. भारतात २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरला नोंदणी बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पण नाकाच्या लांबीचा निकष या नियमांत नाही. म्हणजे पिल्लू घेताना पारख करायची जबाबदारी शेवटी आपल्यावरच येते.

घरी पग असेल तर काय कराल?

- फिरायला पहाटे किंवा उन्हं उतरल्यावरच न्या. गळपट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा हार्नेस वापरा.
- वजन आटोक्यात ठेवा. चपातीचा ‘एकच तुकडा’ दिवसातून दहा वेळा दिला जात नाही ना, तेही बघा.
- चेहऱ्याच्या घड्या पुसून कोरड्या ठेवा. डोळा लाल दिसला किंवा तो मिचकावू लागला तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा.
- जीभ जांभळी पडली, धाप थांबेना किंवा कुत्रा कोसळला तर सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच दवाखाना गाठा.
- घोरणं फार वाढलं असेल तर तपासणी करून घ्या. नाकपुड्या आणि टाळूच्या शस्त्रक्रियेने अनेकांना आराम पडतो.

पग घरात असेल तर त्याच्यावर जीव लावाच, त्यात त्याचा काय दोष? पण नवं पिल्लू घ्यायचा विचार असेल तर आधी त्याचे आई-बाप बघा. चार पावलं चालून त्यांना धाप लागत असेल, तर ते पिल्लू न घेतलेलंच बरं. मागणी कमी झाली, तरच असं प्रजनन थांबेल.