खेळाला कचेरी करू नका

पापनाशम हे गाव तंजावर आणि कुंभकोण यांच्या मध्ये पडते. म्हणून या टापूत बदलीवर आलेली आम्ही पाचसहा मराठी कुटुंबे महिन्यातून दोन रविवार येथेच एकत्र जमतो. मोठ्या माणसांच्या गप्पा होतात, पोहे होतात, आणि मुले एका कोपऱ्यात बसून एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. यावर उपाय म्हणून मुलांना एक खेळ लावून द्यावा, असे ठरले. खेळाच्या जातीविषयी मतभेद नव्हता. प्रत्येकाने अद्भुतकथेतील एकेक पात्र व्हावे, एकाने सूत्रधार होऊन प्रसंग सांगावा, आणि ‘आता तू काय करशील?’ असे विचारीत कथा पुढे न्यावी, असा तो खेळ. इंग्रजीत त्याला ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात; आम्ही त्याला सोंगांचा खेळ म्हणतो. या जातीचे खेळ जगात शेकड्यांनी आहेत. त्यांतला कोणता निवडावा, यावरच वाद पेटला.

आमच्यातील एका वडीलधाऱ्या अधिकारी मित्रांचे मत असे की, घ्यायचा तर मोठ्या नियमग्रंथाचा, जगन्मान्य खेळ घ्यावा. नियम जितके बारीक तितका तंटा कमी. आमचे मत याच्या नेमके उलट आहे, आणि ते आम्ही येथे उघडपणे मांडू इच्छितो. ज्या खेळाचे नियम चहा थंड होण्याच्या आत सांगून संपत नाहीत, तो खेळ आपल्या मुलांच्या कामाचा नाही.

प्रथम अनुभव सांगतो. मित्रांच्या आग्रहाखातर एका नामांकित खेळाचा जाडजूड ग्रंथ आणला गेला. पहिले तीन रविवार केवळ पात्रे तयार करण्यात गेले. तक्ते भरले, बेरजा झाल्या, खाडाखोड झाली. मुले बोलत होती, नाही असे नाही. परंतु काय बोलत होती? आकडे, आणि ग्रंथातील इंग्रजी संज्ञा. मराठीसाठी मांडलेल्या पाटावर मराठीचे एक क्रियापद तेवढे उरले : ‘कर’. ‘रोल कर’, ‘ॲड कर’, ‘चेक कर’. आम्ही स्वतः कारकून आहोत. सोमवार ते शुक्रवार नियम, पोटनियम आणि परिपत्रके यांतच आमचा दिवस जातो. तीच कचेरी रविवारी घरात, तीही नऊ वर्षांच्या मुलीच्या पुढ्यात, थाटावी याचे आम्हांस अतोनात वाईट वाटले.

हा वाद आमच्या पापनाशममध्ये जन्मला नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रशियाच्या सैन्यात फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये युद्धाचा खेळ नियमबद्ध करून दिला. नकाशा, ठोकळे, फासे आणि तक्ते असा तो सरंजाम होता. पुढे नियमांचा पसारा लढाईपेक्षा जड झाला, आणि १८७६ मध्ये फर्दी दु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने सांगितले की, तक्ते बाजूला ठेवा आणि निवाडा जाणत्या पंचावर सोपवा. पुढच्या शतकात तेच घडले. गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा आद्य खेळ काढला, आणि दुसऱ्याच वर्षी केन सेंट आंद्रे यांनी अधिक सोप्या नियमांचा ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ पुढे ठेवला. आद्य खेळाचा मान आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच्या २०१४ सालच्या आवृत्तीत एकट्या खेळाडूंच्या पुस्तकाची पाने तीनशेच्या वर गेली, हेही खरे आहे.

आणि आपल्याला इतके दूर तरी कशाला जावयास हवे? १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेव्हा सूत्रधार पदे गाई आणि राम, रावण नि सीता त्या पदांच्या अनुरोधाने आपली भाषणे आयत्या वेळी करीत. तमाशातील वगही पुष्कळ काळ असाच तोंडीच्या तोंडी रंगत असे. कथेचा धागा सूत्रधाराच्या हाती आणि शब्द ज्याच्या त्याच्या जिभेवर! याहून हलक्या नियमांचा सोंगांचा खेळ कोणता?

आता आमच्या मित्रांचा सर्वांत बळकट आक्षेप. ते म्हणतात, ‘नियम दुबळ्याचे रक्षण करतात. नियम काढलेत की मोठ्या आवाजाचा मुलगा राजा होईल, आणि सूत्रधार आपल्याच पोराला झुकते माप देईल.’ हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. लेखी नियम नसता तर किती गरीब अर्जदार साहेबाच्या लहरीवर लोंबकळत राहिले असते, हे कारकुनाइतके कोण जाणतो? म्हणून आमचे म्हणणे ‘नियम नकोत’ असे नाहीच. नियम थोडे असावेत, ते सर्वांस पाठ असावेत, फासा सर्वांच्या देखत पडावा, आणि सूत्रधार दर खेपेस बदलावा. तीनशे पानांचा ग्रंथ दुबळ्याचे रक्षण करीत नाही. ज्याने तो वाचला त्याचेच करतो. आमच्या पंक्तीत तो फक्त आमच्या मित्रांनी वाचला होता!

नुसता विरोध करून आम्ही थांबत नाही. आमची निवड ‘केअर्न’ या खेळाची आहे. योखाई गाल यांनी तो २०२० मध्ये प्रसिद्ध केला. पुस्तिका लहान. पात्राचे गुण तीनच. आम्ही त्यांना बळ, चपळाई आणि निर्धार म्हणतो. धोका असेल तेव्हाच फासा टाकायचा, आणि आपल्या गुणाइतका किंवा त्याहून कमी आकडा आला की निभावले. सामान दहा खणांत मावेल तेवढेच. वीस बाजूंचा फासा येथे आम्हांस मिळाला नाही. तेव्हा तांब्यात वीस चिठ्ठ्या घातल्या, आणि बाकीचे लुडोच्या फाशावर भागविले. सर्वांत मोठी गोष्ट अशी की, मूळ लेखकाचे नाव द्यावे आणि आपलेही काम त्याच अटींवर सर्वांस खुले ठेवावे, एवढ्यावर या पुस्तिकेचे भाषांतर करण्यास मोकळीक आहे. आम्ही ते दोन रात्रींत केले.

पहिला खेळ गावातच घडविला. येथे एकशे आठ शिवलिंगांचे देऊळ आहे, आणि दुसऱ्या एका देवळाच्या आवारात नायकांच्या काळचे विटांचे धान्यकोठार आहे. त्या कोठारात आम्ही एक ब्रह्मराक्षस बसविला. दार उघडेना. मोठी मुले कुऱ्हाड शोधू लागली. आमची कन्या, जी घरी मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, ती हळूच म्हणाली, “काका, दार उघडत नसेल तर मी दाराशी बोलते. त्याला विचारते, तू कुणावर रुसलायस?” यासाठी कोणत्याही ग्रंथात नियम नाही. सूत्रधाराने चिठ्ठी काढू दिली. चिठ्ठी चार आकड्याची निघाली, आणि दार बोलू लागले.

येथून जवळच मेलट्टूर आहे. तेथे दर नरसिंहजयंतीस भागवतमेळ्याची नाटके होतात, आणि तीही तमिळ मुलखात तेलुगू भाषेत! पिढ्यान्‌पिढ्या माणसे सोंगे घेत आली म्हणून ती वाणी तेथे टिकली. तेथील शब्द बांधलेले आहेत, हे खरे. परंतु आपल्या मुलांना पाठांतराची नव्हे, बोलण्याची वाण आहे. १८५५ मध्ये तंजावरचे मराठी राज्य गेले. तरी त्या राज्याबरोबर आलेल्या घरांत मराठी पुढेही बोलली गेली, ती कोणत्या नियमग्रंथाच्या आधारे? ती स्वयंपाकघरात, भांडणात आणि थट्टेत बोलली गेली म्हणून.

बदलीच्या गावी मुलांची मराठी सुटते, अशी तक्रार आपण सारेच करतो. ज्यांना ती मनापासून वाटते त्यांनी येत्या रविवारी एक तांब्या घ्यावा, वीस चिठ्ठ्या घ्याव्यात, आणि मुलांना विचारावे, ‘आता तू काय करशील?’ उत्तर मिळेपर्यंत मात्र आपण गप्प बसावे. एवढा एक नियम आम्ही सक्तीचा मानतो.